जड गाडीला इंजिन कोणते?

कला शाखेच्या वार्षिकात इंजिनाचे काय काम, असे कोणी विचारील. पण स्थळ पाहताना घराणे, स्वभाव, ऐपत जुळवून पाहण्याची रीत आपल्याला ठाऊक आहेच. जुन्या मोटारीला नवे इंजिन निवडणे हा प्रकार त्याहून फारसा वेगळा नाही.

कॉन्टेसाचेच उदाहरण घ्या. इंग्लंडमधील व्हॉक्सहॉल व्हीएक्सवरून बेतलेली ही मोटार हिंदुस्तान मोटर्सने १९८४ च्या सुमारास आणली. गाडी ऐसपैस, वजन टनाहून अधिक, चाल मागच्या चाकांवर. पण आत बसविले अँबॅसडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे, जेमतेम ५० अश्वशक्तीचे इंजिन! सपाटीवर निभावे, भरल्या गाडीने घाट चढताना मात्र दम लागे. पुढे कारखान्यानेच इसुझूचे १८१७ घन सेंटिमीटरचे इंजिन व पाच गियरची पेटी दिली, तेव्हा कुठे चाल रूपाला शोभू लागली.

यातून काय शिकावे? पहिली गोष्ट, नुसत्या अश्वशक्तीच्या आकड्याला भुलू नये. अश्वशक्ती ही टॉर्क आणि फेरे यांच्या गुणाकारातून येते. एक इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर ८० अश्वशक्ती देते, दुसरे ४,००० फेऱ्यांवर तेवढीच देते. कागदावर दोन्ही सारखी. पण त्या त्या फेऱ्यांवर दुसऱ्याचा टॉर्क पहिल्याच्या दीडपट असतो. जड गाडी जागची हलवायला आणि चढावर ओढायला कमी फेऱ्यांवरचा टॉर्कच उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट, जागा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन उभे, त्यामागे गियरपेटी आणि मग प्रोपेलर शाफ्ट असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतले आडवे इंजिन येथे सहजी बसत नाही. ऑइलचा चेंबर खालच्या आडव्या तुळईला अडतो काय, हे आधी मोजावे. शक्यतो इंजिन आणि गियरपेटी जोडीनेच घ्यावी.

तिसरी गोष्ट, क्राऊन-पिनियन. डिझेल इंजिनाचे फेरे लवकर संपतात. पेट्रोलच्या प्रमाणावर ते तसेच जोडले, तर बेताच्या वेगालाच गाडी ओरडू लागते. शिवाय डिझेल वजनाने भारी. पुढच्या स्प्रिंगा दबतात, स्टिअरिंग जड होते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, पण तीच शेवटी आठवते: ब्रेक. वेग वाढला, पण थांबण्याची ताकद जुनीच राहिली, तर तो सुधार नव्हे, संकट आहे. रेडिएटरही त्याच तोलाचा हवा.

आणि कागदपत्रे! इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून करता येत नाही. मंजुरी मिळण्यासारखी नसेल, तर मूळ इंजिनच नीट बांधून घेणे शहाणपणाचे. अपघात झाल्यावर विमेदार कंपनी पहिल्यांदा हेच कागद मागते.

थोडक्यात, सर्वांत मोठे इंजिन निवडू नये. बाकीच्या गाडीला पेलेल ते निवडावे.