जुन्नरच्या लेण्यातला जुना ठराव

जुन्नर म्हटलं की शिवनेरी आठवतो. १६३० साली शिवाजी महाराज जिथं जन्मले, तो गड पाहायला लोक लांबून येतात आणि पाहून परत जातात. पण याच गावाभोवतीच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. त्यांच्या भिंतींवर शेती, पाणी आणि झाडांच्या नोंदी कोरलेल्या आहेत, हे किती शेतकरी बांधवांना माहीत असेल? मी शेतीखात्यातला माणूस, पण मलाही ते माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघे मित्र निघालो. एक तलाठी, एक ग्रामसेवक (गावात दोघेही 'भाऊसाहेब'च), एक निवृत्त गुरुजी आणि मी. नारायणगावला एस.टी. बदलून नऊच्या सुमारास जुन्नरला उतरलो. शिवनेरी चौघांचाही पाहून झालेला. गुरुजी म्हणाले, "आज मानमोडीच्या डोंगरावर चला. तुमच्या दोन्ही खात्यांचं काम दाखवतो."

धान्यवाल्यांचं दान

मानमोडी गावाजवळच आहे. चढ फार नाही, पण वाट घसरडी आहे. भूत लेण्याच्या कमानीवर मधमाश्यांची मोठी पोळी लटकलेली, त्यामुळे बिड्या-काड्या खिशातच ठेवा असा गुरुजींचा दम होता. तिथं चंद नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, दान दिल्याचा लेख आहे. परदेशी माणूस इथं कसा? तर नाणेघाट उतरला की कोकण आणि तिथून कल्याण, सोपारा ही बंदरं. घाटमाथ्यावरचं जुन्नर म्हणजे त्या काळची मोठी पेठ होती.

व्यापार म्हटला की संघटना आली. तेव्हाच्या संघटनेला 'श्रेणी' म्हणत. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेण्यांची नावं येतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिली. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. नहपान या राजाच्या अयम नावाच्या अमात्याने मंडप आणि पोढी दिल्याचा लेखही याच डोंगरावर आहे. जिथं लेणं खोदलं तिथं पाण्याची सोय आधी पाहिली, हे जागोजागी दिसतं.

वीस निवर्तने करंजासाठी

अंबा-अंबिका गटात एक चैत्य अर्धवट राहिला आहे. त्याच्या दर्शनी भागावर बरेच लेख आहेत आणि त्यांतले पुष्कळसे जमिनीच्या दानाचे आहेत. अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत. आम्हाला काय वाचता येणार? गुरुजींनी वहीत अर्थ उतरवून आणला होता. आदुथुम नावाच्या शकाने कोणाचिक श्रेणीकडे वडालिका गावातील वीस निवर्तने जमीन करंजासाठी आणि कटापुतक गावातील नऊ निवर्तने वडासाठी लावून दिली, असा तो लेख. निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप. जमिनीच्या उत्पन्नातून ही झाडं लावावीत, असा जुन्या अभ्यासकांनी अर्थ लावला आहे.

तलाठी भाऊसाहेबांना ते पटेना. "शब्द 'करंजमुल' असा आहे ना? मग करंजाच्या बुडाशी असलेलं शेत, अशी ती खूण असणार. आम्ही चतुःसीमा लिहितो तशी!" त्यावर बराच वाद झाला. मासवडी-भाकरीची शिदोरी सोडली तरी तो मिटला नाही. पण एका गोष्टीवर चौघांचं एकमत झालं. काम नुसतं सांगून सोडलेलं नाही. गाव, जमीन, माप आणि सांभाळणारी श्रेणी हे सगळं दगडावर लिहून ठेवलं.

ग्रामसेवक म्हणाले, "ही तर मुदत ठेवच झाली." बरोबर आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने विणकरांच्या श्रेण्यांकडे ३,००० कार्षापण ठेवले. २,००० वर महिना एक टक्का आणि १,००० वर पाऊण टक्का व्याज. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज भिक्षूंसाठी वापरायचं.

आमची दोनशे रोपं

हे ऐकताना मला माझ्या सजातलं एक गाव आठवत होतं. गायरानावर आम्ही गाजावाजा करून दोनशे रोपं लावली होती. फोटो निघाले, नारळ फुटला. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरचे पैसे कोणी द्यायचे, यावर ग्रामपंचायत आमच्याकडे बघत बसली आणि आम्ही ग्रामपंचायतीकडे. जगली अकरा. रोप, खड्डा, कुंपण या सगळ्याचा हिशेब मी केला होता. पाण्याचा केला नव्हता. ती चूक माझीही होती.

रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० साली आली, तेव्हा तिचं अनुदान एकदम न देता तीन वर्षांत विभागून, झाडं जगल्याचं पाहून द्यायचं ठरलं. त्यामागचं शहाणपण हेच. झाड लावायला एक दिवस पुरतो, ते जगवायला निदान तीन उन्हाळे लागतात.

त्याच गावात १ मेच्या ग्रामसभेत मी जुन्नरची हकिकत सांगितली. गावच्या चिंचांचा दरसाल लिलाव होतो. त्या रकमेतला ठरलेला वाटा तीन वर्षे फक्त रोपांच्या पाण्यासाठी, आणि पाणी घालण्याचं काम महिला बचत गटाकडे मजुरीने, असा ठराव झाला. रोपंही बेतानं चाळीसच घेतली, करंजाची. करंज उन्हाला दाद देत नाही, जनावरं त्याचा पाला सहसा खात नाहीत, मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. बियांचं तेल कीडनियंत्रणाला आणि पेंड खताला उपयोगी पडते.

आपल्या गावात यंदा वृक्षारोपण असेल तर ठरावात चार गोष्टी जरूर लिहा: पाणी कुठून आणणार, पैसा कोणत्या उत्पन्नातून, घालणार कोण आणि किती वर्षे. यांतली एक जरी कोरी राहिली तर रोपं कमी घ्या, पण कोरी जागा ठेवू नका.

आमच्या चाळीसपैकी पहिल्या उन्हाळ्यानंतर चौतीस उभी आहेत. अजून दोन उन्हाळे जायचे आहेत. चिंचेचा या सालचा लिलाव झाला आहे आणि पाण्याचा वाटा बाजूला काढून ठेवला आहे.