घरच्या पवनचक्कीचा खर्च कसा मोजावा?

घरावर पवनचक्की बसवायची म्हटली की आपण आधी यंत्राची किंमत विचारतो. पण खर्च तिथे संपत नाही. मनोरा, त्याचा पाया, चार्ज कंट्रोलर, इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि वीजरोधक यांचा खर्च वेगळा. फिरते भाग झिजतात आणि बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात, म्हणून देखभालीचे पैसेही धरावेत.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न वाऱ्याचा. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला, तर शक्ती आठपट होते. निम्मा झाला, तर आठवा हिस्साच उरतो. दोन मीटर व्यासाच्या पात्यांवर सेकंदाला चार मीटर वेगाने वारा आला, तर त्यात सुमारे १२० वॅट शक्ती असते. त्यातली चौथाई हाती आली तरी ३० वॅट, म्हणजे दिवसभर अखंड वारा वाहिला तर पाऊण युनिटच्या आत वीज. तुलनेसाठी, एक किलोवॅटचे सौर पॅनेल उन्हाच्या दिवसांत रोज सुमारे चार युनिट देते.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या तिथल्या वाऱ्यामुळे. शहरात इमारती वारा अडवतात, गच्चीवर तो भोवऱ्यासारखा फिरतो.

म्हणून आधी वर्षभर वाऱ्याचा वेग मोजा. मग एकूण खर्चाला यंत्राच्या आयुष्यभरात मिळणाऱ्या युनिटांनी भागा. तो आकडा पाहूनच निर्णय घ्या.