इंग्रजी वर्तमानकाळ आणि क्रियाविशेषणे : मराठी विद्यार्थ्यांच्या अध्ययनातील काही प्रश्न

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीच्या काठी वसलेले खडकवासला हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले. परंतु त्याचा देशाशी असलेला संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था येथे आहे आणि १९५५ साली उद्घाटन झालेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही याच परिसरात आहे. या दोन्ही ठिकाणच्या कामकाजात इंग्रजीचे स्थान मोठे आहे. प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी केंद्रीय लोकसेवा आयोग जी ९०० गुणांची लेखी परीक्षा घेतो, तीत २०० गुण इंग्रजीचे असतात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. तरीदेखील दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेला विद्यार्थी 'ही गो डेली' किंवा 'आय ॲम नॉट knowing' या थाटाची वाक्ये लिहितो, असा अध्यापकांचा सर्वत्र अनुभव आहे.

या चुकांचे खापर सामान्यतः निष्काळजीपणावर फोडले जाते. ते योग्य नाही. त्यांतील बहुतेक चुकांच्या मागे एक नियम असतो, आणि तो नियम मराठीचा असतो. प्रस्तुत लेखात वर्तमानकाळ आणि क्रियाविशेषण या दोन प्रारंभिक विषयांपुरता या गोष्टीचा विचार करावयाचा आहे. हे दोन विषय पाठ्यपुस्तकांत बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. वस्तुतः ते एकमेकांपासून तोडता येण्याजोगे नाहीत.

१. एक रूप, अनेक अर्थ

'काय करतोस?' हा प्रश्न घ्यावा. दारात उभा राहून मित्राने तो विचारला, तर 'या क्षणी काय चालले आहे?' असा त्याचा अर्थ होतो. लग्नाच्या बोलणीत वडीलधाऱ्या माणसाने विचारला, तर तो उपजीविकेविषयीचा प्रश्न ठरतो. क्रियापदाचे रूप एकच; अर्थ प्रसंगावरून कळतो. इंग्रजीत मात्र पहिल्या प्रसंगी 'व्हॉट आर यू डूइंग?' आणि दुसऱ्या प्रसंगी 'व्हॉट डू यू डू?' असे दोन निराळे प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यांची अदलाबदल करता येत नाही.

'जातो' या साध्या रूपाचा व्याप असाच मोठा आहे. 'मी रोज जातो' यात सवय आहे, 'बघ, तो जातो' यात चालू क्रिया आहे, 'मी उद्या जातो' यात भविष्य आहे, आणि 'बरे, मी जातो' यात निरोप आहे. मराठीत 'जात आहे' हे अपूर्ण वर्तमानाचे आणि 'जात असतो' हे रीतिवर्तमानाचे रूप आहे, हे खरे. पण त्यांचा उपयोग बहुतांशी बोलणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतो. साधे 'जातो' त्या दोहोंचे काम करू शकते. अर्थ निश्चित करण्याचे काम 'रोज', 'आत्ता', 'उद्या' ही क्रियाविशेषणे करतात. मराठीत क्रियापद दार उघडे ठेवते आणि क्रियाविशेषण ते लावून घेते, असे म्हणता येईल.

इंग्रजीत हा निर्णय क्रियापदातच झालेला असतो. क्रियाविशेषण त्या निर्णयाशी जुळणारे असावे लागते. 'एव्हरी डे' आले की सामान्यतः 'गोज', आणि 'नाऊ' आले की 'इज गोइंग', अशी ही जोडी असते. मराठी विद्यार्थी 'नाऊ' लिहितो आणि अर्थ स्पष्ट झाला असे समजून क्रियापद 'गो' ठेवतो. मराठीच्या दृष्टीने त्याने काहीच चुकीचे केलेले नसते.

या भेदाचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते नाही. 'द डॅम रिलीजेस वॉटर इंटू द रिव्हर' या वाक्यात धरणाच्या एका नेहमीच्या कार्याचे वर्णन आहे. 'द डॅम इज रिलीजिंग वॉटर' ही सूचना आहे. ती वाचणाऱ्याने नदीच्या पात्रातून बाहेर यावयाचे आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यात महापूर आला. त्या परिसरात वाहत्या पाण्याविषयीच्या वाक्यातील काळ हा किरकोळ विषय मानता येणार नाही.

२. 'आहे' या शब्दाचा चकवा

चालू क्रियेचे रूप एकदा शिकविले की विद्यार्थी उलट बाजूची चूक करू लागतो. 'मला माहीत आहे' याचे तो 'आय ॲम नोइंग' असे करतो, आणि 'माझ्याजवळ दोन पुस्तके आहेत' याचे 'आय ॲम हॅविंग टू बुक्स'. अशी वाक्ये भारतातील इतर भाषिकांच्या इंग्रजीतही आढळतात. 'जात आहे' म्हणजे 'इज गोइंग' हे समीकरण पाठ झाल्यावर जेथे 'आहे' दिसेल तेथे 'ॲम', 'इज' आणि 'इंग' यावे, असा त्याचा तर्क असतो. हा तर्क सुसंगत आहे. त्याला मर्यादा मात्र ठाऊक नसते. जाणणे, जवळ असणे, आवडणे, समजणे या स्थिती आहेत. इंग्रजी त्यांना चालू क्रियेच्या रूपात सहसा बसवीत नाही.

येथे स्पॅनिश भाषेची तुलना उद्बोधक आहे. 'मला पाणी आवडते' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल आग्वा' असे होते. मराठीप्रमाणेच तेथेही ज्याला आवडते तो चतुर्थीत असतो आणि जे आवडते ते कर्ता होते. इंग्रजीत 'आय लाइक वॉटर' असा सरळ कर्तरी प्रयोग करावा लागतो. तसेच 'मी दोन वर्षांपासून येथे राहतो' या अर्थी स्पॅनिश भाषिकही साधा वर्तमानकाळच वापरतो. म्हणून दोघेही इंग्रजीत 'आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स' असे लिहून जातात. इंग्रजीला मात्र तेथे 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स' असे, भूतकाळाला वर्तमानाशी जोडणारे रूप लागते.

विद्यार्थ्याच्या मातृभाषेची नव्या भाषेशी पद्धतशीर तुलना करावी, हा विचार रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली 'लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स' या ग्रंथात मांडला. पुढे १९६७ साली पिट कॉर्डर यांनी विद्यार्थ्याची चूक ही त्याच्या मनातील भाषिक व्यवस्थेचा पुरावा होय, याकडे लक्ष वेधले. सर्वच चुका मातृभाषेतून येत नाहीत, हेही त्यानंतरच्या संशोधनाने दाखविले आहे. पुढील उदाहरण त्याच प्रकारचे आहे.

३. एकटा उरलेला 'स'

मराठीत 'जाणे' या क्रियापदाची साध्या वर्तमानकाळात जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात अशी सहा रूपे होतात. त्यांत पुरुष, वचन आणि लिंग तिन्ही व्यक्त होतात. हे रूप मुळात धातुसाधितापासून आलेले असल्यामुळे त्यात लिंगभेद शिरला. ज्ञानेश्वरीच्या भाषेत वर्तमानाचे असलेले 'करी' हे रूप आज रीतिभूतकाळाचे झाले आहे. इंग्रजीत 'गो' आणि 'गोज' अशी दोनच रूपे आहेत. 'ही', 'शी', 'इट' या तिघांनाही 'गोज' चालते. लिंगाचा प्रश्नच उद्भवत नाही.

सहा रूपे सहज सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला दोन रूपे का सांभाळता येऊ नयेत? उत्तर त्या दोनांतच आहे. मराठीत प्रत्ययावरून कर्ता कळतो, म्हणून 'जातोस का?' एवढे बोलले तरी पुरते. इंग्रजीत कर्ता शब्दाने सांगावाच लागतो, आणि तो सांगितल्यावर 'स' हा प्रत्यय नवी माहिती देत नाही. पूर्वीच्या इंग्रजीत प्रत्यय अधिक होते. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात तृतीयपुरुषी एकवचनाला 'एथ' हा प्रत्यय दिसतो. बाकीचे प्रत्यय झडून गेले आणि हा एक तेवढा उरला. अर्थाला अनावश्यक वाटणारी गोष्ट मन लवकर धरीत नाही. रॉजर ब्राउन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंग्रजी ही मातृभाषा असलेली मुलेही हा प्रत्यय इतर अनेक प्रत्ययांच्या मागून आत्मसात करतात, असे आढळून आले. अध्यापकाने येथे थोडा धीर धरणे उचित होय.

४. नकाराचा परिचित नियम

'ही डज नॉट गोज' ही चूक सुधारताना 'डज आले की स गाळा' असे सांगितले जाते. हा नियम विद्यार्थ्याला मनमानी वाटतो. मराठीतील नकार त्याच्यासमोर ठेवला, तर तसे वाटणार नाही. 'तू जातोस' याचा नकार 'तू जात नाहीस'. 'ते जातात' याचा नकार 'ते जात नाहीत'. 'जातोस' मधील 'स' आणि 'जातात' मधील अनेकवचन ही दोन्ही चिन्हे मुख्य क्रियापद सोडून 'नाही'कडे गेली, आणि मागे निर्विकार 'जात' उरले. 'ते जातात नाहीत' असे कोणी म्हणत नाही.

इंग्रजीत हेच घडते. 'ही गोज' मधील प्रत्यय 'डू'कडे जातो, त्याचे 'डज' होते, आणि मागे नुसते 'गो' उरते. हे स्थलांतर विद्यार्थी लहानपणापासून करीत आला आहे. त्याची जाणीव करून देणे एवढेच काम उरते.

नकाराबाबत एक सावधगिरी मात्र हवी. 'तो जात नाही' या वाक्यात सवयीचा नकारही आहे आणि चालू क्रियेचाही. 'डज नॉट गो' की 'इज नॉट गोइंग', हे ठरविण्यासाठी पुन्हा क्रियाविशेषणाकडेच पाहावे लागते.

५. क्रियाविशेषणाचे रूप

'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते', 'मुले चांगली गातात' या वाक्यांत 'चांगला' हा शब्द क्रियेविषयी सांगतो, तरी कर्त्याप्रमाणे बदलतो. मराठी व्याकरणात म्हणूनच बदलणारे क्रियाविशेषण आणि न बदलणारे क्रियाविशेषण अव्यय असा भेद करण्यात येतो. ज्याच्या भाषेत विशेषणच क्रियेचेही विशेषण होऊ शकते, त्याने 'शी सिंग्ज गुड' असे लिहिले तर नवल नाही. इंग्रजीत 'गुड' नामाबरोबर आणि 'वेल' क्रियेबरोबर येते.

'ली' हा प्रत्यय समजावून देण्यास मराठीत चांगली सोय आहे. 'शांत' पासून 'शांतपणे', 'वेग' पासून 'वेगाने' असे शब्द होतात. त्यांत तृतीयेचा प्रत्यय आहे. स्पॅनिशमधील 'मेंते' हा प्रत्ययही लॅटिनमधील 'मनाने' या अर्थाच्या विभक्तिरूपातून आला आहे. इंग्रजी 'ली'चे मूळ मात्र 'देह, आकार' या अर्थाच्या जुन्या शब्दात आहे. 'क्वाएट' म्हणजे शांत आणि 'क्वाएटली' म्हणजे शांतपणे, ही जोडी त्यामुळे चटकन ध्यानात येते.

परंतु हा प्रत्यय सर्वत्र लावून चालत नाही. 'फास्ट' हा शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण म्हणून तसाच राहतो. 'फ्रेंडली' विशेषण आहे. सर्वांत घातक शब्द 'हार्डली' होय. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप कष्ट करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ कामच करीत नाही. शिफारसपत्रात ही चूक झाली, तर स्तुतीची निंदा होईल.

६. क्रियाविशेषणाचे स्थान

मराठीत 'तो नेहमी चहा पितो', 'नेहमी तो चहा पितो', 'तो चहा नेहमी पितो' ही तिन्ही वाक्ये चालतात; भर तेवढा बदलतो. इंग्रजीत 'ऑल्वेज', 'यूज्वली', 'नेव्हर' यांची जागा सामान्यतः मुख्य क्रियापदापूर्वी असते : 'ही ऑल्वेज ड्रिंक्स टी'. क्रियापद 'इज' किंवा 'आर' असेल, तर ते त्यानंतर येतात : 'ही इज ऑल्वेज लेट'. 'एव्हरी डे' मात्र वाक्याच्या शेवटी अथवा आरंभी येते. 'रोज' आणि 'नेहमी' मराठीत एकाच जागी बसत असल्यामुळे 'ही एव्हरी डे ड्रिंक्स टी' असे वाक्य तयार होते.

इंग्रजी क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये सहसा क्रियाविशेषण येऊ देत नाही. स्पॅनिश विद्यार्थी 'शी स्पीक्स वेल इंग्लिश' असे लिहितो, कारण त्याच्या भाषेत तो क्रम शुद्ध आहे. मराठीत कर्म क्रियापदाच्या आधी येत असल्याने मराठी विद्यार्थ्याला हा मोह सहसा होत नाही. चूक एकच असली तरी तिचा उपद्रव भाषेगणिक निराळा असतो, याचे हे उदाहरण आहे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वर्तमानकाळाची रूपे एकटी न शिकविता क्रियाविशेषणासह जोडीने शिकवावीत. 'गोज एव्हरी डे' आणि 'इज गोइंग नाऊ' हे अखंड एकक समजावे. दुसरी, भाषांतरास दिलेल्या मराठी वाक्यात क्रियाविशेषण अवश्य असावे. नुसते 'तो जातो' हे वाक्य देऊन एकच उत्तर बरोबर ठरविणे विद्यार्थ्यावर अन्याय करणारे आहे. तिसरी, जेथे मराठीचा नियम इंग्रजीशी जुळतो, तेथे तो स्पष्टपणे दाखवावा. नकाराचा नियम असाच आहे. चौथी, जेथे दोन्ही भाषा एकमेकींपासून दूर जातात, तेथे अधिक सराव द्यावा.

दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. मराठीच्या वर्तमानकाळाचा विचार या परंपरेत बारकाईने झालेला आहे. परंतु इंग्रजीच्या तासाला त्याचा उपयोग क्वचितच केला जातो. मराठीचे व्याकरण पक्के असलेला विद्यार्थी इंग्रजीच्या वर्गात रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्याजवळ काय आहे ते अध्यापकाला ठाऊक असेल, तर शिकविण्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.