सीलिअक रोगाची चाळणी परीक्षा

सीलिअक रोगाची चाळणी परीक्षा : गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन प्रथिनामुळे, आनुवंशिक प्रवणता असलेल्या व्यक्तींच्या लहान आतड्याच्या अस्तरास इजा होते, या विकाराला सीलिअक रोग म्हणतात. तो असण्याचा संभव असलेल्या व्यक्ती साध्या रक्तपरीक्षेने वेगळ्या काढणे, ही त्याची चाळणी परीक्षा होय. ‘गव्हाची ॲलर्जी’ हे नाव रूढ असले, तरी ही ॲलर्जी नसून प्रतिरक्षा यंत्रणेने स्वतःच्याच ऊतकांवर केलेला आघात आहे. गव्हाशी असलेला त्याचा संबंध डच बालरोगतज्ञ व्हिल्लेम कारेल डिके यांनी १९५० मध्ये प्रबंधाद्वारे दाखविला.

आतड्यातील रसांकुर झिजल्याने अन्नघटकांचे शोषण नीट होत नाही. जुलाब, पोटफुगी व मुलांची खुंटलेली वाढ ही प्रमुख लक्षणे होत. प्रौढांत पुष्कळदा केवळ लोहन्यूनताजन्य रक्तक्षय आढळतो. असा रोगी वर्षानुवर्षे औषधांच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या नेत राहतो. म्हणून ब्रिटनमध्ये अशा दुकानांतच बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर चाचणी करण्याचे प्रयोग झाले.

चाचणीत ऊतक-ट्रान्सग्लुटॅमिनेज या एंझाइमाविरुद्धचे आयजीए प्रतिपिंड शोधतात. ज्यांच्या शरीरात आयजीए मुळातच अत्यल्प असते, त्यांच्यात रोग असूनही ती नकारात्मक येऊ शकते. चाचणीपूर्वी गहू सोडल्यासही तेच घडते. म्हणून निदान पूर्ण होईपर्यंत नेहमीचा आहार चालू ठेवणे अत्यावश्यक असते. प्रौढांत निदानाची निश्चिती सामान्यतः आतड्याच्या जीवोतक परीक्षेने करतात.

भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रतिपिंड उत्तरेत १·२३ टक्के, ईशान्येत ०·८७ टक्के, तर दक्षिणेत ०·१० टक्के प्रौढांत आढळले. महाराष्ट्रात ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर गव्हाची पोळीही रोजची झाली आहे. नाशिकच्या इंदिरानगरसारख्या वसाहतीतील औषधविक्रेत्याने निदान करावयाचे नसते. तथापि रक्तक्षयावरील गोळ्या वारंवार नेणाऱ्या गिऱ्हाइकास, गहू न सोडता, तज्ञाकडे जाण्यास सुचविणे हेही चाळणीचेच काम होय.

निदानानंतर ग्लुटेनविरहित आहार जन्मभर पाळावा लागतो. तांदूळ, ज्वारी, बाजरी व नाचणी चालतात. मात्र गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत दळलेले पीठ वर्ज्य असते. बाजारातील पुष्कळशा हिंगातही गव्हाचे पीठ मिसळलेले असते. भारतीय अन्नमानकानुसार ग्लुटेनविरहित पदार्थात ग्लुटेनाचे प्रमाण किलोग्रॅमला २० मिग्रॅ. पेक्षा अधिक असता कामा नये.