सिमेंट आलं, सातबारा तोच राहिला

कोरपना तालुका जुन्या राजुरा तालुक्यातून निघालेला. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, आदिलाबाद जिल्ह्यातला. पैनगंगेच्या पलीकडे वणीला इंग्रजांचा कारभार आणि अलीकडे उर्दू दप्तर. १९५६ साली राजुरा नांदेडला जोडला गेला, १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. दहा-बारा वर्षांत तीन राज्यकारभार पाहिलेल्या, मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या या माणसांच्या मनात विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत काय हललं, हे कोणी नीट मांडलेलं नाही. आपल्याकडे समाजबदल म्हटलं की पुण्या-मुंबईपलीकडे नजर जात नाही.

१९८३ साली आवारपूरला एल अँड टीचा सिमेंट कारखाना सुरू झाला. पाठोपाठ गडचांदूरला माणिकगड आला, पुढे उपरवाहीला आणखी एक. जमिनीखालच्या चुनखडीने वरच्या काळ्या मातीचं नशीब बदललं. तोवर इथे सालगड्याचं साल पाडव्याला ठरायचं आणि पाडव्यालाच संपायचं. कारखान्याने महिना आणला, पाळी आणली, भोंगा आणला. वेगवेगळ्या जातींची पोरं एका पाळीत राबू लागली, एका कँटीनमध्ये जेवू लागली. गावच्या पंगतीत जे जमलं नव्हतं ते तिथे न बोलता घडलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पण याच भोंग्याने नवी उतरंडही रचली. वर परमनंट, खाली ठेकेदारीवाला. लग्नाच्या बैठकीत जमिनीचे एकर मागे पडले, ‘कंपनीत परमनंट’ हे दोन शब्द पुढे आले आणि हुंडाही त्याच मापाने चढला. पगार नवा आला तरी हाव जुनीच होती.

मन खऱ्या अर्थाने हललं ते कापसाच्या वावरात. सरकारची एकाधिकार कापूस खरेदी १९७२ पासून होती. ग्रेडरची मर्जी सांभाळायची आणि चुकाऱ्यासाठी खेटे घालायचे, हे शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. शेतकरी संघटनेने त्यांना घामाच्या दामाचा हिशेब मागायला शिकवलं. हा भाग संघटनेचा गड झाला. १९९० आणि १९९५ साली राजुऱ्यातून वामनराव चटप विधानसभेवर गेले, तेही याच बळावर.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला संघटनेचं शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. लाखाहून अधिक बाया आल्या. त्याच्या थोडं आधी, १९८४-८५ मध्ये, ब्रिटनमध्ये कोळसा खाणी बंद करण्याविरुद्ध वर्षभराचा संप झाला. तिथल्या खाणगावांतल्या बायकांनी संपकऱ्यांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली आणि तिथूनच त्या सभांच्या व्यासपीठावर चढल्या. संप हरला, पण त्या बायका पूर्वीसारख्या गप्प राहिल्या नाहीत. तिकडे खाणी मिटत होत्या, आमच्या चंद्रपुरात नव्या उघडत होत्या. तरी दोन्हीकडच्या बाईला व्यासपीठ दिलं ते लढ्याने. इथल्या कारखान्याने तिला सिमेंटचं घर दिलं, बोलायला उभं केलं ते चळवळीने.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा खुशीने बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं, ते लक्ष्मीमुक्ती गाव. कायद्याची सक्ती नाही, सरकारी अनुदान नाही. वेचणीला पहाटेपासून वाकणाऱ्या बाईचं नाव तलाठ्याच्या दप्तरात चढवणं ही त्या काळातली सगळ्यात धाडसी गोष्ट होती, असं माझं ठाम मत आहे. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क देणारा कायदा केला. कायदा झाला आणि बहिणींनी हक्कसोड लिहून दिली. लेकीला शिकवायला, एस.टी.ने कॉलेजला धाडायला बाप तयार झाला, पण वावर द्यायला नाही. ग्रामपंचायतीत राखीव जागेवर बाई सरपंच झाली, तरी सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचंच.

आणि माणिकगडाच्या डोंगरावरचा कोलाम? आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ चा. तो असूनही दुष्काळात मराठवाड्यातून आलेली कुटुंबं डोंगरावर स्थिरावली, चुनखडीच्या खाणी पायथ्याशी आल्या, आणि कोलामांचे गुडे, म्हणजे वस्त्या, आणखी आत सरकले. कारखान्याचा महिना त्यांच्यापर्यंत पोचला नाही, कापसाच्या आंदोलनातही ते कडेलाच राहिले. दोन दशकांच्या बदलाचं कौतुक करताना हा हिशेब झाकता येणार नाही.

हा अंक वाचणाऱ्या शेतकरी भावांना एकच मागणं आहे. दिवाळीची सुटी संपली की तलाठ्याकडे जा, आपला उतारा काढा, त्यावर घरच्या बाईचं नाव आहे का ते पाहा. नसेल तर याच हंगामात चढवा.