विद्युत् संवाहक व निरोधक

विद्युत् संवाहक व निरोधक : ज्या पदार्थांतून विद्युत् प्रवाह सहज वाहतो त्यांना संवाहक आणि ज्यांतून तो जवळजवळ वाहत नाही त्यांना निरोधक म्हणतात. चांदी, तांबे, ॲल्युमिनियम इ. धातू उत्तम संवाहक असून काच, अभ्रक, चिनी माती, रबर इ. पदार्थ निरोधक आहेत. या दोन टोकांतील तफावत अतिशय मोठी आहे. वितळवून घडविलेल्या क्वॉर्ट्झची रोधकता तांब्याच्या किती पट आहे हे लिहावयाचे झाल्यास एकावर सु. २४ शून्ये मांडावी लागतात.

हा भेद इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे यांच्या लक्षात १७२९ मध्ये आला. घर्षणाने निर्माण केलेली विद्युत् ते रेशमी धाग्यांनी टांगलेल्या लांब दोरीवरून दूर नेत असत. धागे बारीक असल्यामुळे विद्युत् त्यांतून निसटत नाही, अशी त्यांची समजूत होती. धागे तुटल्यावर त्यांच्या जागी तितकीच बारीक पितळी तार लावताच विद्युत् दोरीच्या टोकाशी पोहोचेनाशी झाली. म्हणजे महत्त्व जाडीला नसून पदार्थाला होते. (दोरी संवाहक ठरली ती मुख्यतः तिच्यातील ओलाव्यामुळे.)

धातूंत मुक्त इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंप्रमाणे संचार करतात, असा सिद्धांत पाउल ड्रूड यांनी १९०० मध्ये मांडला. त्यावरून निरोधकांत मुक्त इलेक्ट्रॉन नसतात, असे सोपे उत्तर मिळते. शालेय पुस्तकांत ते अद्याप आढळते; परंतु ते अपुरे आहे. हिऱ्यातील प्रत्येक कार्बन अणूचे ४ बाह्य इलेक्ट्रॉन विचारात घेतल्यास एक घन सेंमी. हिऱ्यात त्यांची संख्या तेवढ्याच तांब्यातील संवाहक इलेक्ट्रॉनांच्या सु. आठपट भरते. तरीही शुद्ध हिरा उत्तम निरोधक आहे. उलट, तांब्यात इलेक्ट्रॉन अणूंच्या दाटीतून सामान्य तापमानास सु. दीडशे अणूंएवढे अंतर न अडखळता जातो. ही दोन्ही कोडी पुंज सिद्धांतानेच सुटली.

नियमित रचनेच्या स्फटिकातून इलेक्ट्रॉन तरंगरूपाने विनाअडथळा जाऊ शकतो, असे फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये दाखविले. त्याला अडथळा होतो तो अणूंच्या कंपनांचा आणि अशुद्धी व दोष यांचा. एकट्या अणूत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सुट्या असतात. असंख्य अणू जवळ आले की, प्रत्येक पातळीचा अतिशय निकटच्या पातळ्यांचा एक पट्ट बनतो. पट्टांमध्ये काही ठिकाणी निषिद्ध अंतर राहते. पाउली यांच्या अपवर्जन तत्त्वानुसार एका पातळीत दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात. पट्ट पूर्ण भरलेला असल्यास एका दिशेने जाणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनास विरुद्ध दिशेने जाणारा जोडीदार असतो व एकूण प्रवाह शून्य होतो. विद्युत् दाब लावूनही ही वाटणी बदलत नाही, कारण सरकावयास शेजारी रिकामी जागाच नसते. म्हणजे इलेक्ट्रॉन किती आहेत यापेक्षा त्यांच्यालगत रिकाम्या पातळ्या आहेत की नाहीत, हे निर्णायक ठरते. या आधारे संवाहक व निरोधक यांतील भेद ए. एच. विल्सन यांनी १९३१ मध्ये स्पष्ट केला.

सोडियमाचा सर्वांत वरचा पट्ट अर्धाच भरलेला असतो. मॅग्नेशियमाचा पट्ट पूर्ण भरावयास हवा. परंतु वरचा रिकामा पट्ट त्यात मिसळलेला असल्याने तेही संवाहक होते. हिऱ्यात मात्र भरलेल्या व रिकाम्या पट्टांतील अंतर सु. ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. सामान्य तापमानास उष्णतेपासून मिळणारी ऊर्जा सु. ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने ते ओलांडले जात नाही. दृश्य प्रकाशाची ऊर्जाही त्यास पुरत नाही, म्हणून शुद्ध हिरा पारदर्शक दिसतो. त्याच रचनेच्या सिलिकॉनामध्ये हे अंतर सु. १.१ व जर्मेनियमामध्ये सु. ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. त्यामुळे काही थोडे इलेक्ट्रॉन वर जातात व हे पदार्थ अर्धसंवाहक ठरतात. तापमान वाढविल्यास असे इलेक्ट्रॉन वाढून रोध घटतो. सिल्व्हर सल्फाइडात रोधाची अशी घट मायकेल फॅराडे यांना १८३३ मध्ये आढळली होती. धातूंत इलेक्ट्रॉनांची संख्या वाढत नाही, अणूंची कंपने मात्र वाढतात. म्हणून तेथे रोध वाढतो. सिलिकॉनाच्या दर १० लक्ष अणूंमागे फॉस्फरसाचा एक अणू मिसळल्यास रोधकता सु. १० लक्ष पटींनी कमी होते. ट्रँझिस्टराची निर्मिती अशा नियंत्रित अशुद्धीवरच आधारलेली आहे.

मीठ घन स्थितीत निरोधक असले, तरी वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर संवाहक होते. तेथे विद्युत् भार आयन वाहून नेतात. त्यास पट्टांचा सिद्धांत लागू पडत नाही.

घन पदार्थांतही या सिद्धांतास मर्यादा आहेत. निकेल ऑक्साइडाचा पट्ट अंशतः रिकामा असल्याने ते संवाहक असावयास हवे; प्रत्यक्षात शुद्ध निकेल ऑक्साइड निरोधक आहे. ही विसंगती १९३७ मध्ये पुढे आली. एकाच अणूवर आणखी एक इलेक्ट्रॉन आल्यास परस्पर प्रतिसारणामुळे बरीच ऊर्जा खर्ची पडते, म्हणून इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंपाशी अडकून राहतात, असे तिचे स्पष्टीकरण नेव्हिल मॉट यांच्या विवेचनातून मिळाले. अशा पदार्थांना मॉट निरोधक म्हणतात. लँथॅनम, तांबे व ऑक्सिजन यांचे एक संयुग याच वर्गातील आहे. त्यात थोडे बेरियम मिसळल्यास ते नीच तापमानास अतिसंवाहक होते, म्हणजे त्याचा रोध नाहीसा होतो, असे १९८६ मध्ये आढळून आले. निरोधकाचे असे रूपांतर का होते, याचा सर्वमान्य उलगडा अद्याप झालेला नाही.