नाकारलेल्या क्लिकची किंमत

मार्च उजाडला की देवगड-रत्नागिरीचा हापूस ऑनलाइन विकणाऱ्यांच्या जाहिराती गुगलवर दिसू लागतात. असा विक्रेता ‘हापूस आंबा’ हा कीवर्ड घेतो, दिवसाचं बजेट ठरवतो आणि क्लिकमागे पैसे मोजू लागतो. आठवड्याने त्याने गुगल अ‍ॅड्समधला सर्च टर्म्स रिपोर्ट उघडला, तर कोणत्या शोधांवर पैसे गेले ते एकाखाली एक दिसतं. कुणाला हापूसचं कलम हवं असतं, कुणाला मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी फवारणी, कुणाला आमरसाची कृती, तर कुणाला आंब्यावर निबंध. यांतलं कुणी पेटी मागवणार नाही, पण जाहिरातीवर बोट टेकवलं की विक्रेत्याचे पैसे गेलेच. या कामाबद्दल मिळणारे सल्ले बहुतेक वेळा आणखी काय करावं हेच सांगतात. कीवर्ड वाढवा, बजेट वाढवा, मथळे आकर्षक करा. माझं म्हणणं याच्या उलट आहे. अशी जाहिरात सुधारते ती मुख्यतः नकारामुळे. कोणता क्लिक विकत घ्यायचा नाही हे ठरवणं हे या कामातलं खरं कौशल्य आहे, आणि नेमकं त्याच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होतं.

हा बाजार चालतो कसा, ते पाहिलं की नकाराचं महत्त्व कळतं. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने शोधनिकालांतल्या जागा लिलावाने विकायला सुरुवात केली. जास्त बोली लावणारा वर, आणि क्लिक झाला की स्वतःच्या बोलीइतकी रक्कम द्यायची. त्यामुळे स्पर्धक एकमेकांवर थोडीथोडी बोली चढवत नेत, परवडेनासं झालं की एकदम खाली येत आणि पुन्हा चढू लागत. गुगलने २००२ मध्ये क्लिकवर आधारलेली विक्री आणताना दोन गोष्टी बदलल्या. आपल्या खालच्या स्पर्धकाला मागे ठेवायला जेवढी रक्कम लागेल तेवढीच घ्यायची, आणि क्रम लावताना बोलीबरोबर जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यताही धरायची. पुढे जाहिरात शोधाशी किती जुळते आणि लँडिंग पेज कसं आहे, याचाही विचार होऊ लागला. म्हणून जो विक्रेता ‘देवगड हापूस पाच डझन पेटी पुणे’ असं शोधणाऱ्याला थेट पेटीचा भाव आणि पोचण्याचा दिवस सांगणाऱ्या पानावर नेतो, त्याला तीच जागा मोघम जाहिरात देणाऱ्यापेक्षा कमी पैशांत मिळू शकते. एकच जाहिरात कलम शोधणाऱ्यालाही बोलावते आणि पेटी शोधणाऱ्यालाही, तेव्हा ती दोघांपैकी कुणाशीच धड बोलत नाही.

पूर्वी हा नेमकेपणा विक्रेत्याच्या हातात बराच होता. ‘एक्झॅक्ट मॅच’ निवडलं की दिलेल्या शब्दांवरच जाहिरात दिसायची. २०१४ मध्ये अनेकवचनं आणि चुकीची स्पेलिंगं त्यात सक्तीने आली, २०१८ मध्ये समान अर्थाचे शोधही आले, आणि २०२१ मध्ये त्याहून सैल अशा ‘फ्रेज मॅच’ची व्याप्ती वाढवली गेली. शिवाय सप्टेंबर २०२० पासून फार थोड्या लोकांनी केलेले शोध सर्च टर्म्स रिपोर्टमध्ये दिसेनासे झाले, पैसे मात्र त्यांचेही जातात. जाळं असं रुंदावलं तरी वगळण्याचे नियम जवळपास जुनेच राहिले. ‘निगेटिव्ह कीवर्ड’, म्हणजे वगळण्यासाठी दिलेला शब्द, समान अर्थाचे किंवा वेगळ्या वचनातले शब्द आपणहून ओळखत नाही. ‘रोप’ वगळलं तरी ‘रोपे’, ‘रोपं’ आणि ‘कलम’ वेगवेगळे घालावे लागतात. त्यातून मराठी माणूस देवनागरीत शोधतो तसा रोमन लिपीतही शोधतो, आणि रोमनमधलं ‘हापूस’ ज्याच्या त्याच्या हातचं असतं. ही यादी बाहेरून तयार मिळत नाही, रिपोर्ट वाचत वाचतच ती घडते. इथे सरसकट कात्री चालवूनही भागत नाही. ‘हापूस भाव’ शोधणारा माणूस उद्याचं गिऱ्हाईक असू शकतो, तर त्यालाच ‘वाशी मार्केट’ जोडलेलं असेल तर तो बहुधा व्यापारी किंवा बागायतदार असतो. ‘भाव’ राखायचा आणि ‘वाशी मार्केट’ वगळायचं, हा निर्णय आंब्याचा धंदा जाणणाराच घेऊ शकतो. ठिकाणाच्या सेटिंगचंही असंच आहे. मुंबई-पुण्यापुरतीच पोच असणाऱ्याने मूळ सेटिंग तसंच ठेवलं, तर त्या शहरांत ‘रस दाखवणाऱ्या’ इतर गावच्या लोकांनाही जाहिरात दिसते. तो पर्याय बदलायला मिनिटभर लागतं, पण पोच नसलेल्या गावांतले क्लिक त्याने थांबतात.

आता जे क्लिक खरोखर गिऱ्हाइकांचे आहेत त्यांच्याकडे वळू. इथे नकार देणं जास्त अवघड आहे, कारण सरासरी आकडे डोळ्यांना फसवतात. समजा, एका पेटीमागे जाहिरात सोडून सगळा खर्च वजा जाता पाचशे रुपये सुटतात आणि शंभर क्लिकांत तिघे खरेदी करतात. म्हणजे एका क्लिकची किंमत विक्रेत्याला पंधरा रुपये पडली तरी तोटा नाही. सध्याच्या बोलीवर त्याला आठ रुपयांच्या दराने शंभर क्लिक मिळतात. आठशे खर्च, पंधराशे मिळकत, सातशे नफा. बोली वाढवली की क्लिक होतात एकशेवीस आणि दर होतो अकरा रुपये. अकरा हे पंधरापेक्षा कमी, म्हणजे अजून फायद्यातच आहोत असं वाटतं. पण खर्च आता तेराशेवीस झाला आणि मिळकत अठराशे. नफा चारशेऐंशीवर आला. जास्तीचे वीस क्लिक पाचशेवीस रुपयांना पडले, म्हणजे प्रत्येकी सव्वीस रुपयांना, आणि त्यांनी आणले फक्त तीनशे. गुगलमध्ये अर्थशास्त्रज्ञ असताना हॅल व्हेरियन यांनीही जाहिरातदारांना हाच वाढीव खर्च पाहायला सांगितलं आहे. डॅशबोर्डवर मात्र सरासरीच ठळक दिसते, आणि बोली खाली आणण्याचं काम मागे पडतं.

सर्वांत कठीण नकार असतो आपल्याच नावावरच्या क्लिकला. ज्याला आपल्या दुकानाचं नाव माहीत आहे तो नाव टाइप करतो, वरच्या जाहिरातीवर क्लिक करतो आणि खरेदी करतो. हे क्लिक स्वस्त असतात, त्यांतून विक्री भरपूर दिसते आणि अहवाल चांगला वाटतो. ईबेने मार्च २०१२ मध्ये अमेरिकेत याहू आणि एमएसएनवरच्या स्वतःच्या नावाच्या जाहिराती थांबवून पाहिल्या. ब्लेक, नॉस्को आणि टॅडेलिस यांनी २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गेलेल्या क्लिकांपैकी ९९.५ टक्के खालच्या फुकट दुव्यांवरून लगेच परत आले. नाव नसलेल्या कीवर्डांची चाचणी त्यांनी काही भागांत जाहिराती बंद करून घेतली. नवे आणि क्वचित येणारे ग्राहक जाहिरातीमुळे खरेदीकडे वळत होते, पण बहुतेक खर्च होत होता तो जाहिरात नसती तरी आले असते अशा जुन्या ग्राहकांवर. यावरचा आक्षेप रास्त आहे की ईबे जगभर माहीत आहे आणि कोकणातल्या विक्रेत्याला तो न्याय लागू होत नाही. दुसरा आक्षेप त्याहून वजनदार आहे: आपण जागा सोडली तर स्पर्धक आपल्या नावावर बोली लावेल. असं घडतं, यात शंका नाही. अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्सच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये, कीवर्ड म्हणून ट्रेडमार्क वापरणं हाही त्याचा वापर ठरू शकतो आणि त्यात गुगल निव्वळ बघ्याच्या भूमिकेत नसतं, असं म्हटलं. पण त्यातून फार तर एवढंच निघतं की स्पर्धक खरोखर उभा असेल तिथे नावावर पैसे घालावेत. कुणीच नसताना कायम पैसे भरत राहण्याचं समर्थन त्यातून होत नाही.

आणखी एक आक्षेप आजकाल सर्वांत जास्त ऐकू येतो. बोली आता यंत्र लावतं, शोध ते निवडतं, २०२१ मध्ये आलेल्या ‘परफॉर्मन्स मॅक्स’मध्ये तर कीवर्डही द्यावे लागत नाहीत, मग हा हातचा हिशेब कशाला? यंत्र बोली लावण्यात माणसापेक्षा सरस आहे हे मी मान्य करतो. लिलाव दर शोधाला नव्याने होतो आणि त्या क्षणी वेळ, ठिकाण, उपकरण यांचा मेळ घालणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. पण यंत्राला यश कशाला म्हणायचं ते माणसानेच सांगितलेलं असतं. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर नोंदली की कन्व्हर्जन मोजलं जातं. ती पेटी दारातून परत आली, विक्रेत्यांच्या भाषेत आरटीओ झाली, तर यंत्राला पत्ता नसतो. पुस्तक परत आलं तर पुन्हा विकता येतं, पिकलेला आंबा विकता येत नाही. यंत्र मात्र तशीच, ऑर्डर नाकारणारी माणसं आणखी शोधत राहतं. उलट बाजूने, जाहिरातीवरून आलेला आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर पेटी सांगणारा चांगला ग्राहक मोजणीतून निसटतो, आणि त्याच्यासारख्यांवर यंत्र कमी बोली लावतं. कन्व्हर्जन मागाहून रद्द करण्याची आणि फोनवरची विक्री अपलोड करण्याची सोय गुगलने ठेवली आहे. ती वापरायला रोज अर्धा तास बैठक लागते. आंब्याचा हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा असताना यंत्र चुकीचं शिकलं, तर ते सुधारेपर्यंत मे संपलेला असतो.

हा नकार सुचवायला आजूबाजूचं कुणी पुढे येत नाही, हेही समजून घ्यावं लागतं. अनेक एजन्स्यांचा मोबदला खर्चाच्या टक्केवारीत ठरतो, त्यामुळे प्रामाणिक माणसालाही बजेट कापायला सांगणं जड जातं. गुगलच्या खात्यात शंभरपैकी गुण देणारा ‘ऑप्टिमायझेशन स्कोअर’ असतो, आणि त्याच्या शिफारशींत बजेट वाढवा, ‘ब्रॉड मॅच’ घ्या अशा सूचना येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी अमेरिकेत दिलेल्या निकालात, स्पर्धेचा खरा धाक नसल्यामुळे गुगल शोध-जाहिरातींचे दर वाढवू शकतं, असा निष्कर्ष नोंदवला आहे. माल विकणाऱ्यानेच दिलेला सल्ला प्रत्येक वेळी चुकीचा असतो असं नाही, पण तो स्वतः पारखून घेतल्याशिवाय लागू करू नये. शिफारशी आपोआप लागू होण्याची सोय तर बंदच ठेवावी.

छोट्या विक्रेत्याकडे ईबेसारखा प्रयोग करण्याइतका डेटा नसतो, हे खरं आहे. पण नाशिकपुरत्या स्वतःच्या नावाच्या जाहिराती पंधरा दिवस थांबवून तिथल्या ऑर्डरींची पुण्याशी तुलना करायला फार डेटा लागतही नाही. आकडा काटेकोर निघणार नाही, मोठा फरक असला तर दिसेल. ऑर्डरी घटल्या तर जाहिरात त्याच दिवशी परत सुरू करता येते. घटल्या नाहीत तर ते पैसे ज्यांनी आपलं नाव अजून ऐकलेलं नाही, अशांच्या शोधांकडे वळवता येतात.